अर्धं घर, अर्धा तंबू: हायब्रिड ट्रॅव्हल ट्रेलरच्या मालकांना नेमके कोणते बदल हवे असतात?

'हायब्रिड' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी कार येते. अमेरिका आणि कॅनडात मात्र 'हायब्रिड ट्रेलर' ही वेगळीच वस्तू आहे. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं हे एक छोटं घर असतं. मधला भाग पक्क्या भिंतींचा. त्यात ओटा, फ्रीज, गॅसची शेगडी, जेवायचं टेबल, सोफा आणि संडास-बाथरूम असं सगळं असतं. मुक्कामाच्या जागी पोचलं की या घराच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीचा मोठा चौकोनी भाग बिजागरीवर बाहेरच्या बाजूला खाली पडतो आणि आडवा थांबतो. त्या फळीवर गादी असते, तिच्यावर कॅनव्हासचा तंबू ताणला जातो. थोडक्यात काय, तर दिवसभर पक्क्या घरात राहायचं आणि रात्री तंबूत झोपायचं.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं हा प्रकार तिकडे चांगलाच चालला. रॉकवूड रू, फ्लॅगस्टाफ शॅमरॉक, जेको कंपनीच्या जे फेदर मालिकेतली काही मॉडेल्स ही त्यातली ओळखीची नावं. यातले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट शहराच्या आसपास बनतात. अमेरिकेतल्या फिरत्या घरांचा धंदा तिथेच एकवटलेला आहे. जेकोची सुरुवातही १९६८ साली तिथूनच जवळ असलेल्या मिडलबरी गावात झाली आणि तीही घडी घालता येणाऱ्या तंबूवाल्या ट्रेलरपासूनच.

आता गंमत अशी की, हायब्रिडचे मालक आपल्या ट्रेलरवर मनापासून प्रेम करतात आणि त्याच दमात त्यातल्या दहा गोष्टी बदलून मागतात. त्या मागण्या नीट पाहिल्या तर बऱ्याचशा एकाच ठिकाणी येऊन थांबतात. ते ठिकाण म्हणजे पक्की भिंत आणि कापड जिथे भेटतात तो सांधा.

मुळात हे घेतं कोण?

घरात तीन-चार मुलं आहेत, कधीकधी आजी-आजोबाही बरोबर येतात, पण दारात मोठा पिकअप ट्रक नाही, असं कुटुंब. सहा-आठ माणसं झोपतील असा पूर्ण पक्क्या भिंतींचा ट्रेलर घ्यायचा तर तो बराच लांब आणि जड होतो. हायब्रिडची लांबी साधारण १७ ते २३ फूट आणि रिकाम्या अवस्थेतलं वजन साधारण १६०० ते २३०० किलो. पलंग बाहेर निघत असल्यामुळे आतली जागा बसायला-वावरायला मोकळी राहते. रात्री तिन्ही बाजूंच्या जाळीच्या खिडक्या उघडल्या की झाडांचा वास आणि ओढ्याचा आवाज थेट उशीपर्यंत येतो. ज्यांना तंबूतली रात्र आवडते, पण पहाटे दोन वाजता लघवीसाठी टॉर्च घेऊन चिखलातून जायचं नाही, त्यांच्यासाठी ही सोय फार मोठी आहे.

म्हणून 'कापड काढून टाका' ही हायब्रिडवाल्यांची मागणी नसते. कापड ठेवा, पण नीट करा, असं त्यांचं म्हणणं असतं.

पाणी आत येतं कुठून?

बंद स्थितीत ही खाली पडणारी भिंत रबरी पट्टीवर दाबून बसवलेली असते आणि बाहेरून कड्यांनी आवळलेली असते. पट्टी नवी असते तोवर सगळं ठीक चालतं. उन्हात काही वर्षं गेली की रबर कडक होतं, दबून चपटं होतं, कोपऱ्यात फट पडते. छतावरचं पाणी ओघळत नेमकं याच पट्टीच्या वरच्या कडेवर येऊन साचतं. गाडी महामार्गावर ताशी ९०-१०० किलोमीटरने पळत असताना समोरून येणारा पाऊस तिथूनच आत ढकलला जातो. मुक्कामाला पोचून पलंग उघडावा तर गादी ओली!

मालकांची मागणी अगदी साधी आहे. या उघड्या भागाच्या वर छताला थोडा छज्जा द्या, नाहीतर निदान एक चांगली पन्हाळ द्या. कोकणातल्या कुठल्याही घराला ही अक्कल शेकडो वर्षांपासून आहे. पण तिकडे अनेक मालकांना प्लॅस्टिकची पन्हाळपट्टी स्वतः विकत आणून चिकटवावी लागते.

हे प्रकरण नुसत्या ओल्या गादीवर थांबलं असतं तर चाललं असतं. अनेक ट्रेलरच्या भिंती थरांच्या असतात. बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्याच्या मागे पातळ प्लायवूड, मध्ये फोम आणि ॲल्युमिनियमची चौकट, आणि हे सगळं गोंदाने दाबून एकजीव केलेलं. एखाद्या फटीतून पाणी प्लायवूडपर्यंत पोचलं की गोंद सुटतो आणि बाहेरचा पत्रा फुगतो. पापड भाजताना फोड यावेत तसे भिंतीवर फुगवटे दिसायला लागतात. याला तिकडे 'डिलॅमिनेशन' म्हणतात. एकदा हे पसरलं की दुरुस्तीचा खर्च ट्रेलरच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो, आणि विकायला गेलं तर गिऱ्हाईक भिंतीकडे बघूनच परत फिरतं. कुटुंबाने कर्ज काढून घेतलेली वस्तू एका रबरी पट्टीपायी मातीमोल होते, म्हणून मालक या सांध्याबद्दल इतके हळवे असतात.

यावर उपाय आहे आणि तो काही कंपन्यांनी स्वीकारलाही. प्लायवूडच्या जागी ॲझडेल नावाचं काचतंतू आणि प्लॅस्टिकचं मिश्रण वापरायचं. ते पाणी पीत नाही, कुजत नाही आणि वजनालाही हलकं असतं. मात्र गोंद आणि फोम तेच राहतात, म्हणून 'आता पाणी गेलं तरी चालेल' असं समजायचं कारण नाही.

ओलं कापड घडी घालण्याची पंचाईत

रविवारी सकाळी निघायची वेळ झाली आणि पाऊस थांबत नाहीये. सोमवारी शाळा आहे, ऑफिस आहे. पूर्ण पक्का ट्रेलर असता तर गाडी जोडून निघता आलं असतं. हायब्रिडवाल्याला मात्र ओला तंबू आपल्याच गादीवर दुमडून, भिंत बंद करून निघावं लागतं. घरी पोचल्यावर एक-दोन दिवसांत सगळे पलंग पुन्हा उघडून कापड वाळवलं नाही, तर बुरशी धरते. पावसाळ्यात ओली छत्री पिशवीत विसरली की जो वास येतो, तोच इथे आख्ख्या घराला येतो. आणि ज्याला घराच्या दारात २० फुटी ट्रेलर उघडायला जागा नाही, त्याने काय करायचं? बरेच जण ट्रेलर भाड्याच्या गोदामात किंवा मोकळ्या मैदानात ठेवतात. तिथे तो उघडून ठेवता येतोच असं नाही.

इथे मालकांच्या मागण्या फार बारकाईच्या आहेत. कापड आणि गादी यांच्यामध्ये पाणी न झिरपणारी एक चादर कंपनीनेच द्यावी. बंद असतानाही हवा खेळेल अशी छोटी झडप ठेवावी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कापड चेनने पूर्ण सुटं करता यावं, म्हणजे ते काढून गॅरेजमध्ये दोरीवर वाळत घालता येईल. यात आणखी एक फायदा आहे. दहा-बारा वर्षांनी कापड विरलं तर नवं लावता येईल. कंपनीने एखादं मॉडेल बंद केलं की त्या मापाचा तंबू मिळणं अवघड होतं. मग जुना तंबू नमुना म्हणून पाठवून कॅनव्हास शिवणाऱ्या एखाद्या छोट्या कारखान्याकडून नवा शिवून घ्यावा लागतो.

थंडीत कुडकुड, उन्हात भट्टी

मधल्या भागात गॅसवर चालणारा हीटर असतो, छतावर एसी असतो. पण त्यांची हवा सोडणारी तोंडं मधल्या भागातच असतात. माणसं झोपतात टोकाला, कापडाच्या एका थरामागे. बाहेर पाच-सहा अंश तापमान असेल तर हीटर रात्रभर घरघरत राहतो, गॅसची टाकी रिकामी होते आणि पलंगावरचा माणूस तरीही गारठलेलाच असतो.

यावर मालकांनी स्वतःच बरेच जुगाड केलेत. तंबूच्या वरून चंदेरी चकाकणारं कापड टाकायचं. ते उन्हाळ्यात ऊन परतवतं आणि थंडीत ऊब धरतं. विजेवर तापणारी गादी घ्यायची, पण ती विजेची जोडणी असलेल्या जागीच चालते. हीटरच्या तोंडाला लवचीक नळी लावून गरम हवा पलंगापर्यंत न्यायची. छोटा पंखा कापडी छताच्या दांडीला अडकवायचा. हे सगळं कारखान्यातूनच का येऊ नये, हा त्यांचा सवाल आहे. गोधडीसारखा शिवलेला, आतून लावता-काढता येणारा एक थर, प्रत्येक पलंगापर्यंत हवेची एक नळी, आणि उशाशी दिवा, पंखा, मोबाइल चार्जिंग. मागणी काही चंद्रावर नेण्याची नाही.

गादीखालच्या ओलीची गोष्ट मात्र पहिल्यांदा वापरणाऱ्याला चकित करते. पाऊस नाही, गळती नाही, तरी सकाळी गादी उचलली की खालची फळी ओली असते. कारण सोपं आहे. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण ग्लासभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. त्यातली काही वाफ गादीतून खाली जाते आणि बाहेरच्या थंड हवेने गार पडलेल्या फळीवर तिचं पाणी होतं. थंड पेल्याला बाहेरून घाम सुटतो तसंच हे. गादीखाली हवा खेळेल अशी जाडसर जाळी अंथरली की त्रास बराच कमी होतो. ही जाळी गादीसोबतच द्यायला हवी, एवढी साधी ही सुधारणा आहे.

अस्वलांच्या गावात

कापडी भिंतीची एक मर्यादा कुठल्याच रबरी पट्टीने किंवा पन्हाळीने सुटत नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिज या मुक्कामाच्या जागी ग्रिझली अस्वलांचा वावर आहे, म्हणून तिथे फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्यांना मुभा आहे. तंबू किंवा कापडी भिंत चालत नाही. कॅनडातल्या बान्फ राष्ट्रीय उद्यानात लेक लुईझला दोन वेगळे तळ आहेत. एक पक्क्या भिंतींच्या गाड्यांसाठी आणि दुसरा कापडवाल्यांसाठी. कापडवाल्यांच्या तळाभोवती अस्वलं येऊ नयेत म्हणून विजेचं कुंपण आहे.

यावरून एक मागणी पुढे येते, आणि ती अस्वलांपुरती नाही. पलंग न उघडताही ट्रेलरमध्ये नीट झोपता यायला हवं. याला तिकडचे लोक 'टर्टलिंग' म्हणतात, म्हणजे कासवासारखं अंग आत ओढून राहणं. वादळी वारा असो, कडाक्याची थंडी असो किंवा रात्री उशिरा महामार्गाच्या कडेला थांबायचं असो, पलंग बंद ठेवून सोफा आणि टेबल यांचा बिछाना करायचा. अनेक मॉडेल्समध्ये असे दोघं-तिघंच मावतात आणि तेही पाय दुमडून. पाच जणांच्या कुटुंबासाठी हे अपुरं आहे. उद्यानाचे नियम मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, त्यामुळे बुकिंगआधी ते पाहिलेलेच बरे.

याच जोडीला आणखी एक तक्रार येते. काही ट्रेलरमध्ये सोफा किंवा टेबलाचा भाग बाजूला सरकून बाहेर निघतो आणि आतली जागा वाढते. त्याला 'स्लाइड-आउट' म्हणतात. तो आत सरकवलेला असला की फ्रीज किंवा संडासाचं दार अडतं. रस्त्यात गाडी थांबवून मुलाला बाथरूमला न्यायचं असेल, तर आधी भिंत बाहेर काढा! सगळं बंद असताना फ्रीज, ओटा आणि संडास या तिन्हींपर्यंत पोचता आलं पाहिजे, ही मागणी नकाशा आखतानाच सोडवता येण्यासारखी आहे. तरी ती वर्षानुवर्षं करावी लागते, हे नवलच.

खरा तिढा वजनाचा

वरच्या सगळ्या मागण्या पूर्ण केल्या तर काय होईल? ट्रेलर जड होईल. आणि ज्या कारणासाठी लोक हायब्रिड घेतात तेच कारण संपेल.

एक हिशेब मांडून पाहू. समजा ट्रेलरचं रिकामं वजन १९०० किलो आहे. त्यात १५० लिटर पाणी भरलं, म्हणजे १५० किलो. दोन बॅटऱ्या ५० किलो, गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या ३५ किलो. भांडी, कपडे, अंथरुणं, किराणा, खुर्च्या आणि मुलांच्या सायकली मिळून २०० किलो. झाले २३३५ किलो. अमेरिकेतल्या अनेक मध्यम आकाराच्या एसयूव्हींची ओढायची मर्यादा ५००० पौंड, म्हणजे साधारण २२७० किलो असते. मिनीव्हॅनची तर ३५०० पौंडच, म्हणजे १६०० किलोच्या आत. जाहिरातीतला '१९००' हा आकडा बघून 'आपली गाडी सहज ओढेल' म्हणणारा माणूस सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मर्यादेच्या पुढे गेलेला असतो.

दुसरा आकडा कमी लोक बघतात. ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार गाडीच्या मागच्या जोडणीवर यावा लागतो. तो फार कमी झाला तर ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतो आणि गाडी ताब्याबाहेर जाऊ शकते. फार जास्त झाला तर गाडीचा मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक यांची पकड कमी होते. वरच्या हिशेबात हा भार २३० ते ३५० किलो होतो. अनेक मध्यम एसयूव्हींची जोडणीवरची मर्यादा सुमारे २२५ किलोच असते.

म्हणून जाणत्या मालकांच्या यादीत पहिली मागणी पाण्याच्या टाकीच्या जागेची असते. टाकी अगदी पुढे बसवली तर ती भरल्यावर जोडणीवरचा भार एकदम वाढतो. अगदी मागे बसवली तर तो कमी होऊन ट्रेलर झुलण्याचा धोका वाढतो. टाकी चाकांच्या वर, मधोमध असली तर ती भरली काय आणि रिकामी झाली काय, तोल फारसा बदलत नाही. या सुधारणेला एक किलोही जास्त लागत नाही. तसंच विकताना सांगितलेलं वजन बॅटऱ्या, गॅस आणि बसवलेल्या सगळ्या सोयींसकट असावं, ही दुसरी फुकटची सुधारणा.

टायरसाठी मात्र थोडं वजन आणि पैसे गेले तरी चालतील, असं बहुतेकांचं मत दिसतं, आणि ते रास्त आहे. ट्रेलरचे टायर वेगळ्या प्रकारचे असतात. त्यातल्या अनेकांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर असते, तर तिथल्या अनेक महामार्गांवर त्याहून जास्त वेगाला परवानगी आहे. भार वाहण्याची क्षमता गरजेपुरतीच ठेवून कंपनी पैसे वाचवते. उन्हात उभे राहून टायरचं रबर म्हातारं होतं, नक्षी मात्र नव्यासारखी दिसते. धावताना असा टायर फुटला तर त्याच्या चिंध्या वरची फरशी, पाण्याच्या नळ्या आणि वायरी फाडून टाकतात. पुष्कळ मालक ट्रेलर घेतल्या घेतल्या एक दर्जा वरचे टायर बसवतात.

कंपन्यांनी ऐकलं का?

काही गोष्टी ऐकल्या. भिंतीतलं प्लायवूड गेलं, पलंगापाशी दिवे आणि चार्जिंग आलं, काही ठिकाणी गरम होणाऱ्या गाद्याही मिळू लागल्या. पण मोठा कल वेगळ्याच दिशेने गेला. हलक्या बांधणीचे पूर्ण पक्के ट्रेलर, ज्यात मुलांसाठी एकावर एक बर्थ असतात, ते बाजारात वाढले आणि अनेक कंपन्यांनी हायब्रिड मॉडेल्स कमी केली किंवा बंद केली. धंद्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. कापड शिवणं, ते बसवणं आणि त्याच्या तक्रारी निस्तरणं यात कटकट जास्त. कापड अजिबात न वापरता घडी होणारे ट्रेलरही आहेत. ट्रेलमॅनर कंपनीच्या ट्रेलरचे दोन पक्के भाग एकमेकांवर शिंपल्यासारखे बसतात. अलायनरच्या भिंती उभ्या करून वर त्रिकोणी छत होतं. मात्र जाळीच्या खिडक्यांनी तिन्ही बाजूंनी वेढलेला पलंग त्यात मिळत नाही.

परिणाम असा की, आज ज्याला हायब्रिड हवा आहे त्याच्यासमोर नवे पर्याय मोजके आणि जुने भरपूर आहेत. अमेरिका-कॅनडात राहणारी मराठी कुटुंबंही उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी जुना ट्रेलर शोधतात, तेव्हा वरच्या तक्रारींचीच उलटी यादी तपासणीसाठी कामी येते. पलंगाच्या चौकटीचे खालचे कोपरे अंगठ्याने दाबून बघायचे. मऊ लागले तर लाकूड कुजलंय. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीकडे कडेने बघायचं, म्हणजे फुगवटे लगेच दिसतात. रबरी पट्टी बोटाने दाबून सोडली की ती परत वर यायला हवी. टायरच्या बाजूवर कोरलेल्या आकड्यांतले शेवटचे चार वाचायचे, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आणि विकणारा 'पलंग उघडायला नको, आज पाऊस आहे' म्हणाला, तर त्याच दिवशी, त्याच पावसात तो उघडायला लावायचा.